वाचकांचे प्रश्न : बोटीवरची लिथियम बॅटरी

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. बॅटरी आधी विकत घेतलेली आहे आणि प्रश्न नंतर पडलेला आहे. ॲसिडच्या बॅटरीच्या जागी लिथियम ठेवली, त्याच दोन वायरी आवळल्या आणि बोट सुटली. बिघाड मात्र बहुतेक वेळा बॅटरीत नसून तिला वीज भरणाऱ्या साधनांत आणि जोडणीत निघतो. खालच्या उत्तरांत लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, अर्थात एलएफपी, चार सेलची १२.८ व्होल्टची बॅटरी असं समजावं. एएच म्हणजे अँपिअर-तास : एक अँपिअर तासभर वापरला की एक एएच. जिथे दुसरी जात आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : आमची गिलनेटची बोट आहे, १२ व्होल्टची. १५० एएचच्या दोन ॲसिडच्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत बसतात. दुकानदार म्हणतो, १०० एएचची एकच लिथियम दोघींचं काम करील. खरं का? आणि ६५ अँपिअरचा अल्टरनेटर आहे तोच चालेल का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : अर्धं खरं. ॲसिडच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त वीज रोज काढली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून तुमच्या ३०० एएचपैकी वापरायच्या १५० च. लिथियममधून ८० टक्के काढले तरी तिला काही होत नाही. म्हणजे १०० च्या बॅटरीत हाताशी ८०. तेवढ्यावर भागेल का, हे तुमच्या रात्रीच्या हिशेबावर ठरेल, दुकानदाराच्या बोलण्यावर नाही.

जाळं टाकून इंजिन बंद केल्यापासून परत चालू करेपर्यंत १४ तास धरू. वायरलेस नुसता ऐकण्यावर असताना अर्धा अँपिअर घेतो, त्याचे ७ एएच. बोलताना २५ वॅटचा सेट साडेपाच अँपिअरच्या आसपास ओढतो. रात्रभरात सगळं मिळून अर्धा तास बोलणं झालं तर ३. फिश फाइंडर दीड अँपिअरनं २१, प्लॉटर एक अँपिअरनं १४, ट्रान्सपॉन्डर (बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र) अर्ध्या अँपिअरनं ७. नेव्हिगेशनचे एलईडी दिवे १२ तासांचे १२. डेकवर ५० वॅटचे दोन एलईडी पाच तास, ४२. बिल्जचा पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा, तासभर, ५. मोबाइल वगैरे ६. बेरीज ११७ एएच. तुमच्या उपकरणांच्या मागच्या पट्टीवरचे आकडे यात घालून पुन्हा बेरीज करा. जाळं पाण्यात पडल्यावर फिश फाइंडर उगाच चालू राहतो, तो बंद केला तर इथेच पंधरा-वीस एएच वाचतात. (डेकचे दिवे कामापुरते, एवढंच इथे धरलं आहे. दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करणं केंद्राच्या २०१७ च्या आदेशानं बंद आहे. त्या कामासाठीचा बॅटरीचा हिशेब आम्ही देणार नाही.)

११७ एएच हवे असतील तर १५० ची बॅटरी काठोकाठ पुरते, कारण तिचे ८० टक्के १२० होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्षमता थोडी उतरली की रडारड सुरू. २०० ची घ्या, किंवा दिवे कमी करून १५० ची. १०० ची नको.

अल्टरनेटर तोच चालेल, पण लिथियमला थेट जोडून नाही. का ते पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे. जोडणी अशी ठेवा. दोन ॲसिडच्या बॅटऱ्यांपैकी चांगली आहे ती सेल्फसाठी, म्हणजे इंजिन चालू करायला, राहू द्या आणि अल्टरनेटरची वायर आहे तशी तिच्यावरच असू द्या. त्या बॅटरीवरून ३० अँपिअरचा १२-१२ व्होल्टचा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरची वीज घेऊन दुसरी ठरलेल्या व्होल्टेजनं भरणारं यंत्र) आणि त्याच्या पुढे लिथियम. ३० अँपिअर बाहेर द्यायला हा चार्जर आत साधारण ३५ ओढतो. चालू बोटीवरचे ७-८ अँपिअर त्यात मिळवले तर अल्टरनेटरवर ४३ येतात. ६५ चा अल्टरनेटर गरम झाल्यावर सलग एवढंच देऊ शकतो, जास्त नाही. ज्यांचा अल्टरनेटर ४५ चा आहे त्यांनी २० अँपिअरचा चार्जर घ्यावा. जाता-येता मिळून चार-साडेचार तास इंजिन चाललं तर ११७ एएच परत भरतात. ॲसिडची बॅटरी शेवटचे २० टक्के भरताना नखरे करते, करंट घेतच नाही. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. या कामात तिचा खरा फायदा हाच आहे.

चार्जरमध्ये लिथियमची सेटिंग निवडा : भरण्याचा व्होल्टेज १४.२, फ्लोट, म्हणजे भरून झाल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज, १३.५. इंजिन बंद झालं की चार्जर थांबला पाहिजे, म्हणून त्याची ट्रिगरची वायर किल्लीच्या स्विचवरून घ्या. नाहीतर रात्रभर तो सेल्फच्या बॅटरीतली वीज लिथियममध्ये ओतत बसेल आणि पहाटे इंजिन चालू होणार नाही.

वायरीत कंजुषी नको. जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याच्या वायरीतून ३० अँपिअर नेले तर ६ चौरस मिमीमध्ये अर्धा व्होल्ट गळतो, १० मध्ये ०.३ आणि १६ मध्ये ०.२. म्हणून १६ ची घ्या, कल्हई केलेल्या तारांची मिळाली तर उत्तमच. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत हातभर काळं पडत जातं. चार्जर लिथियमच्या जवळ बसवा, सेल्फच्या बॅटरीजवळ नको. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं कडं) हातोडीनं ठोकून बसवू नका, क्रिंपिंगच्या पक्कडीनं दाबा, वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. आधी नट आवळा आणि मगच व्हॅसलीन लावा.

फ्यूज दोन्हीकडे हवा : सेल्फच्या बॅटरीकडे ५० अँपिअर, लिथियमकडे ४०. याशिवाय लिथियमच्या प्लसवर, टर्मिनलपासून वीतभर अंतरात, सगळ्या बोटीच्या लोडसाठी १०० अँपिअरचा मुख्य फ्यूज. इथे गाडीचा पट्टीचा साधा फ्यूज चालत नाही. लिथियम शॉर्ट झाली तर काही हजार अँपिअर सोडते. साधा फ्यूज वितळतो पण आतली ठिणगी विझत नाही आणि करंट चालूच राहतो. क्लास-टी जातीचा फ्यूज २०,००० अँपिअर तोडू शकतो. तो मिळत नसेल तर टर्मिनलवरच बसणारा एमआरबीएफ, तो १४ व्होल्टला १०,००० तोडतो.

बॅटरी इंजिनाच्या खोलीत ठेवू नका, जागा कितीही मोकळी दिसली तरी. बहुतेक एलएफपी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात आणि इंजिनाची खोली मे महिन्यात त्याच्या पुढे सहज जाते. केबिनमधल्या बाकाखाली, बिल्जपासून फूटभर उंच, रबराच्या चटईवर, पट्ट्यानं घट्ट बांधून ठेवा.

प्रश्न : लिथियम बसवल्यापासून सहा महिन्यांत अल्टरनेटरचे डायोड दोनदा गेले. दुसऱ्यांदा वायरलेसही जळाला. बॅटरी व्यवस्थित चालते. दोष कोणाचा? – एक वाचक, मिरकरवाडा, रत्नागिरी

उत्तर : जोडणीचा. तुमची लिथियम एकटीच अल्टरनेटरवर आहे, असं पत्रासोबतच्या आकृतीवरून दिसतं. त्यातून दोन वेगवेगळे बिघाड होतात.

पहिला उष्णतेचा. ॲसिडची बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घेते, त्यामुळे अल्टरनेटरला दम खायला मिळतो. लिथियमला आतला अडथळा फार कमी. अल्टरनेटर देईल तेवढं ती तासन् तास घेत राहते. त्यात जाळं ओढताना इंजिन मंद असतं. रेग्युलेटर पूर्ण करंट मागतो आणि अल्टरनेटरचा पंखा मात्र हळू फिरतो. वेटोळ्यांचं वार्निश जळतं, डायोड वितळतात. इंजिन अर्धा तास चालल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर अल्टरनेटरच्या मागच्या आवरणावर धरा. शंभर अंशांच्या पुढे आकडा गेला तर मरण जवळ आलं म्हणा.

दुसरा बिघाड एका क्षणाचा आहे आणि वायरलेस त्यानंच गेला. बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, कुठल्याही एका सेलचा व्होल्टेज ३.६५ च्या वर गेला की बॅटरी आतून तोडतो. त्याचं काम तो चोख करतो. पण त्या वेळी अल्टरनेटर ४० अँपिअर देत असेल तर त्या करंटला जायला जागाच उरत नाही. अल्टरनेटरच्या आतलं चुंबकत्व लगेच ओसरत नाही, तेवढ्यात तारेवरचा व्होल्टेज उडी मारून पन्नास-साठच्या पुढे जाऊ शकतो. डायोड आणि त्या वेळी चालू असलेलं जे जे काही असेल ते जातं.

उपाय हर्णैच्या वाचकांना सांगितला तोच : अल्टरनेटरवर ॲसिडची बॅटरी कायम, मध्ये डीसी-डीसी चार्जर. ॲसिडची बॅटरी अशी उडी गिळून टाकते. बोटीवर ‘१, २, दोन्ही, बंद’ असा फिरवायचा स्विच असेल तर इंजिन चालू असताना तो ‘बंद’वरून नेऊ नका, परिणाम तोच होतो. दोन्ही बॅटऱ्या साध्या वायरीनं समांतर जोडून काम भागवण्याचा सल्ला काही जण देतात. नको. स्थिर असताना भरलेली लिथियम १३.३ च्या वर असते आणि ॲसिडची १२.७ ला, लिथियम सतत तिला पाजत राहते.

प्रश्न : फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, १०० एएचची लिथियम. निघताना व्होल्टमीटर १३.१ दाखवतो, मध्यरात्रीपर्यंत जेमतेम कमी होतो आणि पहाटे एकदम सगळं काळोख. बॅटरी वर्षाचीच आहे. – एक वाचक, मालवण

उत्तर : व्होल्टमीटर खोटं बोलत नाही, पण लिथियमबाबत त्याला सांगण्यासारखं फारसं नसतं. ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत उतरताना या बॅटरीचा व्होल्टेज तीन-चार दशांशच कमी होतो, आणि वायरलेसचं बटण दाबल्यावर वायरीतच त्याहून जास्त गळतो. ॲसिडची बॅटरी मरताना दिवे मंद करून इशारा देते. ही देत नाही. एखादा सेल २.५ व्होल्टला पोचला की बीएमएस तोडतो, संपलं.

तुमच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट आहे : ही बॅटरी बहुधा वर्षभरात एकदाही पूर्ण भरलेली नाही. लहान आउटबोर्डची चार्जिंग कॉइल पूर्ण वेगात सहा ते दहा अँपिअर देते, मंद वेगात त्याच्या निम्मंही नाही. तीन तास इंजिन चाललं तर वीस एएच आले, गेले चाळीस. पूर्ण भरली नाही की सेल एकमेकांच्या बरोबरीला येत नाहीत, कारण बहुतेक बीएमएस सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच बरोबरी करायला लागतात, तेही पन्नास-साठ मिलिअँपिअरनं. एका सेलमध्ये ३ एएचची तफावत पडली असेल तर ती भरून निघायला पन्नास तास लागतात. तोवर सगळ्यात कमजोर सेल आधी तळाला जातो आणि बाकीच्या तिघांत वीज असूनही बॅटरी बंद पडते.

करायचं असं. बॅटरी घरी न्या. एलएफपीसाठीच्या १४.४ व्होल्टच्या चार्जरवर लावा, भरल्यावरही काढू नका. दिवसा नजरेसमोर, चार-पाच दिवस रोज काही तास त्यावर राहू द्या. चार्जिंगच्या दुकानातल्या जुन्या ‘बूस्ट’ चार्जरवर अजिबात नको, तो सोळा व्होल्टपर्यंत चढतो. बीएमएसला ब्लूटूथ असेल तर मोबाइलवर चारही सेलचे आकडे बघा. भरत आल्यावर त्यांच्यातला फरक तीन-चार शतांश व्होल्टच्या आत आला की झालं. पुढेही पंधरवड्यातून एकदा किनाऱ्यावर पूर्ण भरा. गेलेली वीज कॉइल भरून काढत नाही, ते काम किनाऱ्यावरच्या चार्जरचंच.

शिल्लक किती हे कळण्यासाठी व्होल्टमीटरऐवजी शंट बसवा, म्हणजे आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारं मीटर. बॅटरीच्या मायनसची एकच वायर शंटच्या एका बाजूला आणि बोटीवरच्या झाडून सगळ्या मायनस दुसऱ्या बाजूला. एक जरी मायनस थेट बॅटरीवर राहिली तरी हिशेब चुकतो. मीटरमध्ये क्षमता १०० एएच भरा, ‘भरली’ समजण्याचा व्होल्टेज १४.०, शेवटचा करंट ४ टक्के, प्यूकर्टचा आकडा (जास्त करंट ओढल्यावर क्षमता किती घटते त्याचा) १.०५. आकडा ३० टक्क्यांवर आला की फिश फाइंडर आणि जास्तीचे दिवे बंद. वायरलेससाठी ७ एएचची छोटी सीलबंद ॲसिडची बॅटरी वेगळी ठेवा. काळोखात अडकल्यावर चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात मदत मागण्याच्या चॅनेलवर, बोलता आलं पाहिजे.

एक राहिलं. बीएमएसनं तोडलेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसतात आणि साधा चार्जर तिला ओळखतच नाही. ती मेलेली नाही, झोपलेली आहे. झोपलेली बॅटरी उठवण्याची सोय असलेला लिथियम चार्जर लावा, किंवा मेकॅनिककडच्या पॉवर सप्लायवर १४ व्होल्ट आणि ५ अँपिअरची मर्यादा लावून दहा मिनिटं द्या. त्याच दिवशी हे करा. सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन आठवडे पडून राहिले तर आतलं तांबं विरघळतं. तशी बॅटरी चार्ज झाली तरी वापरायची नाही.

प्रश्न : लिथियमवर सेल्फ मारता येतो का? – एक वाचक, जयगड

उत्तर : बोटीच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ पहिल्या झटक्याला काहीशे अँपिअर घेतो. दिव्या-वायरलेससाठी विकल्या जाणाऱ्या १०० एएचच्या बॅटरीचा बीएमएस १०० अँपिअरचा असतो. तो तोडेल. सेल्फसाठी ॲसिडचीच ठेवा. स्वस्त आहे आणि तेवढ्या कामाला चार-पाच वर्षं पुरते.

प्रश्न : ट्रॉलर २४ व्होल्टचा आहे. १२ च्या दोन लिथियम सिरीजमध्ये लावल्या. वायरलेस आणि फिश फाइंडर १२ चे, म्हणून त्यांची वायर खालच्या बॅटरीवरून घेतली. आता चार्ज करताना वरची बॅटरी कट होते. वरची खराब निघाली का? – एक वाचक, साखरीनाटे

उत्तर : दोन्ही चांगल्या आहेत, मधून काढलेली वायर खराब आहे. चार अँपिअर दहा तास खालच्या बॅटरीतून जास्त गेले, म्हणजे एका रात्रीत ४० एएचची तफावत. चार्जर दोघींची बेरीज बघतो. त्याला २८.४ हवेत, खालची अजून १३.५ ला रेंगाळत असते तोवर वरची १४.९ ला जाऊन पोचते आणि तिचा बीएमएस तोडतो. ॲसिडच्या बॅटऱ्यांवरही लोक असंच मधून काढतात. तिथे वरची उकळते, खालची सल्फेट होते, पण चालढकल होऊन जाते. इथे होत नाही.

दोन्ही सुट्या करा. प्रत्येकीला १२ व्होल्टच्या चार्जरवर १४.४ पर्यंत वेगवेगळं भरा, मग प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सिरीज करा. १२ व्होल्टच्या उपकरणांसाठी पूर्ण २४ वरून चालणारा २० अँपिअरचा २४-१२ कन्व्हर्टर लावा आणि मधल्या जोडाला पुन्हा कोणी हात लावणार नाही असं बघा. दोघींवर बॅलन्सरही, म्हणजे दोघींचा व्होल्टेज सारखा ठेवणारं यंत्र, बसवा. बॅटरीच्या माहितीपत्रकात सिरीजची परवानगी लिहिली आहे का हे आधी तपासा. नसेल तर एका बॅटरीचा बीएमएस तुटताना दोघींचा व्होल्टेज त्याच्या स्विचवर येतो आणि तो जळून कायमचा जोडलेला राहू शकतो, तेव्हा संरक्षणच उरत नाही. पुढची खरेदी कराल तेव्हा २५.६ व्होल्टची आठ सेलची एकच बॅटरी घ्या.

प्रश्न : जुन्या रिक्षांच्या सेलपासून बनवलेली लिथियम निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : आधी जात ओळखा. सेलवर किंवा डब्यावर ३.२ किंवा १२.८ व्होल्ट लिहिलेलं असेल तर एलएफपी. ३.६, ३.७ किंवा ११.१ असेल तर ती दुसरी जात, एनएमसी. तिचे तीन सेल ओळीनं लावून ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकतात आणि त्या १२.६ ला पूर्ण भरतात. तुमचा अल्टरनेटर देतो १४.२. म्हणजे दर सेलला ४.७३ व्होल्ट, आणि त्याची कमाल मर्यादा ४.२. मधल्या एका स्वस्त बीएमएसच्या भरवशावर लाकडी किंवा फायबरच्या बोटीत, डिझेलच्या टाकीशेजारी ही बॅटरी ठेवायची? आमचं उत्तर नाही असं आहे, किंमत कितीही असो.

एलएफपी निघाली तर वजन करा. १०० एएचची साधारण दहा ते तेरा किलो भरते. सहा-सात किलो भरली तर आत १०० नाहीत. मग क्षमता मोजा, याला मोठं यंत्र लागत नाही. बॅटरी पूर्ण भरा, गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे चार बल्ब समांतर लावा, क्लॅम्प मीटरनं करंट बघा. १८ ते २० अँपिअर येईल. बीएमएस तोडेपर्यंतचे तास मोजा. करंट गुणिले तास, तेवढे एएच. शंभरची बॅटरी पाच तासांच्या आसपास चालली पाहिजे. साडेतीन तासांत बंद झाली तर ७० ची आहे आणि किंमतही ७० ची द्या. विकणारा ही चाचणी करू देत नसेल तर परत फिरा. बल्ब तापतात, जाळ्यावर किंवा झापांवर ठेवू नका.

प्रश्न : लाट आत येऊन बॅटरी खाऱ्या पाण्यात अर्धी बुडाली. पुसून वाळवली, चालते आहे. वापरू का? आणि लिथियमला आग लागली तर काय करायचं? – एक वाचक, दाभोळ

उत्तर : वापरू नका. मीठ आत गेलं असेल तर बीएमएसच्या पट्टीवर ते ओल धरून ठेवतं आणि पाय हळूहळू कुरतडले जातात. बिघाड आठवड्यांनी येतो, बहुधा चार्जिंग चालू असताना. डब्यावर आयपी-६७ (थोडा वेळ पाण्यात बुडला तरी पाणी आत जात नाही, अशी खूण) लिहिलं असेल आणि पाणी टर्मिनलपर्यंतच आलं असेल तर गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, दोन-तीन वेळा किनाऱ्यावर नजरेसमोर चार्ज करून मग ठरवा. नसेल तर ती घरापासून, जाळ्यांपासून आणि डिझेलपासून लांब उघड्यावर ठेवा आणि बॅटरी विकणाऱ्याकडे परत द्या.

आगीबद्दल. एलएफपी सहसा भडकत नाही. बोटीवर त्याआधी सैल थिंबल आणि फ्यूज नसलेली वायर पेटते, ती कोरड्या पावडरनं विझते. पण डबा फुगला, गोडसर रसायनाचा वास आला, पांढरा धूर निघाला तर तो धूर वाफेचा नाही, विषारी आणि पेट घेणारा वायू आहे. केबिनमधून सगळ्यांना बाहेर काढा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, जमल्यास मुख्य स्विच बंद करा. पावडरनं ज्वाळा बसतात पण सेल थंड होत नाहीत, थोड्या वेळानं परत पेटतात. भरपूर पाणी मारत राहणं हाच उपाय, समुद्राचं असलं तरी चालेल. आवाक्याबाहेर गेलं तर वायरलेसवर चॅनेल १६, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

प्रश्न : केबिनच्या छपरावर सोलर बसवला तर अल्टरनेटरची गरज उरेल का? – एक वाचक, रेवदंडा

उत्तर : उरेल. १०० वॅटचं पॅनेल आपल्याकडे चांगल्या उन्हात दिवसाला तीस एएचच्या आसपास देतं, तेही डोलकाठीची किंवा दोरखंडाची सावली पडली नाही तर. हाताएवढ्या सावलीनंही उत्पादन निम्म्यावर येतं. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या, भरण्याचा व्होल्टेज १४.२, फ्लोट १३.५, ‘इक्वलाइझ’ (ॲसिडच्या बॅटरीसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय दोन्ही बंद. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. काचेवर मिठाचा थर बसतो, आठवड्याला गोड्या पाण्यानं धुवा. नांगरून पडलेल्या दिवसांत बॅटरी भरलेली ठेवायला मात्र सोलरसारखं दुसरं काही नाही.

प्रश्न : पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात बोट शाकारून ठेवतो. गेल्या वर्षी बॅटरी पूर्ण भरून बोटीवरच ठेवली होती, नारळी पौर्णिमेला मेलेली निघाली. – एक वाचक, देवगड

उत्तर : ॲसिडच्या बॅटरीला जे लागतं त्याच्या उलट हिला लागतं. पूर्ण भरून दोन महिने गरम जागेत ठेवली तर सेल विनाकारण म्हातारे होतात. पण तुमची मेली ती त्यामुळे नाही. स्वतःहून ही बॅटरी महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. बीएमएस, ब्लूटूथ, शंटचं मीटर आणि एखादा विसरलेला बिल्ज स्विच मिळून मात्र ६० मिलिअँपिअर सहज खातात. दिवसाला दीड एएच झाले. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आणि पुढचे पौर्णिमेपर्यंतचे, म्हणजे शंभरातले शंभर गेले.

या वर्षी बॅटरी बोटीवरून काढून घरी आणा. ५०-६० टक्क्यांवर ठेवा. शंट नसेल तर पूर्ण भरून चार हेडलाइट बल्बांवर दोन तास उतरवली की तेवढी होते. टर्मिनल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा, वर प्लास्टिकच्या टोप्या घाला. बीएमएसला बंद करण्याचं बटण असेल तर बंद. कौलाच्या गळतीखाली आणि चुलीशेजारी नको, एवढंच. जुलैच्या सुरुवातीला एकदा मीटर लावा, १३.० च्या खाली दिसली तर तासभर चार्ज. चार्जर कायम लावून ठेवू नका, पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाता-येता जे झटके देते ते वेगळेच.

बोट पाण्यात उतरवण्याच्या दोन दिवस आधी १४.४ पर्यंत पूर्ण भरा आणि शंटवर १०० टक्के पुन्हा नोंदवा. बोटीवरची सगळी थिंबल सोडवून बघा. हिरवट पडली असतील तर कापून नवीन दाबा. फ्यूजच्या होल्डरचे नटही बघा, तिथला गंज बाहेरून दिसत नाही.